ओलीचा वास

लिफ्टवाल्यांचं सगळं आयुष्य वरखाली करण्यात गेलं. यात चेष्टा काही नाही, त्यांचा धंदाच तो. जुन्या इमारतींच्या लिफ्ट दुरुस्त करायच्या, दोर तपासायचे, मध्येच अडकलेल्यांना बाहेर काढायचं आणि वर त्यांचीच बोलणी खायची. दवाखान्याची लिफ्ट, कचेरीची लिफ्ट, कापडाच्या मोठ्या दुकानातली ती आरसे लावलेली लिफ्ट. सगळ्या एकाच रेघेत चढणाऱ्या आणि त्याच रेघेत उतरणाऱ्या. चाळिशीत कधीतरी ते स्वतःच एका लिफ्टमध्ये अडकले. हत्यारांच्या पिशवीवर बसल्या बसल्या त्यांच्या मनात आलं की आपण जन्मभर जेवढं वर चढलो तेवढंच खाली आलो, म्हणजे होतो तिथेच आहोत. मरायच्या आधी एकदा तरी आडवं जायचं. घरी येऊन त्यांनी हात धुवायच्या आधी बायकोला सांगितलं, "अगं, आपण घरगाडी घ्यायची."

घरगाडी म्हणजे पलंग, शेगडी, नळ, कपाट असं सगळं पोटात घेऊन फिरणारी गाडी. वाटेल तिथे थांबायचं, पडदा लावून झोपायचं आणि सकाळी चहा पिऊन पुढे निघायचं. बाईंनी ते सगळं ऐकून घेतलं. त्या म्हणाल्या, "घेऊ की. पण बघून घेऊ."

त्या 'बघून घेऊ'मध्ये पुढची किती वर्षं जाणार आहेत, हे तेव्हा लिफ्टवाल्यांना कळायचं काही कारण नव्हतं.

बाई दूध डेअरीत कामाला होत्या. गावोगावहून कॅन यायचे, ते धक्क्यावर रांगेने लागायचे आणि बाई एकेका कॅनचं झाकण उघडून नाक आत घालायच्या. वर मान करून 'घ्या' म्हणाल्या की कॅन आत, 'परत' म्हणाल्या की परत. कुणी हुज्जत घालायला आलंच तर त्याला तासभर थांबवून ठेवायच्या, तोवर दूध आपोआप फाटायचं आणि तो गृहस्थ खाली मान घालून निघून जायचा. डेअरीत त्यांना नाकवाल्या बाई म्हणत. शेजारपाजारच्या बायका लोण्याचा डबा, तेलाची बाटली, कोपऱ्यात विसरलेलं पीठ घेऊन त्यांच्याकडे यायच्या. बाई हुंगून सांगायच्या आणि ऐकणारी एक अक्षर न बोलता डबा रिकामा करायची. असं नाक घरात असताना गाडी बघायला आणखी कोणता तज्ज्ञ बोलवायचा?

लिफ्टवाल्यांनी मग गाडी बघायचा एक नियम केला आणि तो थेट आपल्या कामावरून उचलला. लिफ्टचं काम दोघांचं असतं. एक वर मशीनच्या खोलीत, एक खाली खड्ड्यात. स्विच वरच्याच्या हातात आणि जीव खालच्याचा. खालचा 'मोकळा!' असं ओरडला की वरच्याने चालू करायचं. 'थांब' म्हणाला तर थांबायचं, का म्हणून विचारायचं नाही. लिफ्टवाले वर असायचे आणि खाली त्यांचा जोडीदार. जोडीदार हेच त्याचं नाव पडलं होतं, त्याच्या घरचेसुद्धा त्याला तसंच हाक मारायचे. दोघांनी मिळून केस पांढरे केले, पण कुणाचं बोटसुद्धा गेलं नाही, कारण आतल्या माणसाचं ऐकायचं हा नियम त्यांनी कधी मोडला नाही.

तोच नियम गाड्यांना लागला. आधी बाई आत जाणार, एकट्या, दार लावून. नाक ताजं हवं म्हणून मालकाने तोवर तोंड उघडायचं नाही. लिफ्टवाले बाहेर इंजिन, चाकं, गाडीचं पोट बघणार. बाई बाहेर येऊन जे म्हणतील ते शेवटचं.

पहिल्याच गाडीने नियमाची किंमत दाखवून दिली. बाई आत गेल्या, बाहेर आल्या आणि म्हणाल्या, "ओलीचा वास येतोय. मागच्या डाव्या कोपऱ्यात." मालक उखडला. गाडी ठणठणीत कोरडी आहे, म्हणाला. लिफ्टवाले आत गेले आणि त्या कोपऱ्यात त्यांनी अंगठा दाबला. वरचा रंगीत कागद फाटला आणि अंगठा चहात बुडवलेल्या पावात जावा तसा फळीत गेला. आत सगळं काळं आणि कुजलेलं. मालकाचा चेहरा बघण्यासारखा झाला होता. लिफ्टवाल्यांनी ही हकीकत वर्षभर कामावर सांगितली, आणि प्रत्येक वेळी तो अंगठा वर करून दाखवला. दुसरी गाडीही बाईंनी अशीच धरली. घरगाडीला बाकी काही झालं तरी चालतं, पण ओल शिरली की ती आतून खात सुटते, हे तोवर लिफ्टवाल्यांना पाठ झालं होतं.

मग डेअरीत वास घ्यायचं काम यंत्राकडे गेलं आणि बाई घरी बसल्या. त्याच वर्षी त्यांना मोठा ताप आला. आठवडाभर अंथरुणात होत्या. उठल्या तेव्हा चेहरा उतरला होता, तोंडाला चव नाही म्हणायच्या. लिफ्टवाले म्हणाले, येईल हळूहळू. नंतर पुन्हा त्यांनी विचारलं नाही आणि बाईंनीही तो विषय काढला नाही.

गाडी केव्हा घ्यायची, कशी घ्यायची, यावर लिफ्टवाल्यांचा अभ्यास म्हणाल तर एखाद्या वकिलाने हात टेकावेत असा. सुट्ट्यांचा मोसम संपला की बघायची, कारण तेव्हा हौस फिटलेले लोक गाडी विकायला काढतात. उन्हात बघायची नाही, पाऊस पडून गेल्यावर बघायची. नवीकोरी घ्यायची नाही, पहिल्या मालकाला तिची दुखणी काढू द्यायची. एवढी लांबही नको की आपल्या गल्लीत वळणार नाही. आणि मालक घाईत असेल तर आपण मुळीच घाई करायची नाही. हे सगळं ते रविवारी सकाळी चहा घेताना बोलायचे आणि बाई समोर बसून ऐकायच्या. लिफ्टवाल्यांनी दिवाणखान्याच्या फरशीवर खडूने गाडीची मापं आखली होती. इथे पलंग, इथे शेगडी, इथे दोन खुर्च्या. रविवारचा दिवस दोघं त्या रेघांच्या आत राहून बघायचे. रेघेवर पाय पडला तर भिंतीला धडकलास म्हणून दुसऱ्याने ओरडायचं. बाई हसून हसून बेजार व्हायच्या. मुलगी लग्न करून दूर गेली होती, तिचा फोन आला की विचारायची, "काय, आज कुठे मुक्काम?" आणि बाई सांगायच्या, "आज समुद्रकाठी आहोत, आवाज येत नाहीये का?"

दर मोसमाच्या शेवटी गाड्या बघायला जायचं. दर वेळी बाई आत जायच्या, बाहेर यायच्या आणि मान हलवायच्या. ओल. कुबट. मागच्या कोपऱ्यात, नळाखाली, छताला. लिफ्टवाल्यांचा चेहरा पडायचा, पण पुढच्या बसथांब्यापर्यंत ते सावरायचे. "वाचलो बघ," म्हणायचे. "तुझ्या नाकाने वाचलो."

फक्त एका गाडीच्या वेळी ते सावरले नाहीत. बाजूने निळा पट्टा असलेली, बेताच्या लांबीची. मालकीणबाईंचे पती गेले होते आणि त्यांना ती दारात उभी बघवत नव्हती. लिफ्टवाल्यांनी इंजिन ऐकलं, खाली वाकून पोट बघितलं, एक डाग नाही. बाई मागे आत होत्या तेवढ्यात ते पुढच्या वेगळ्या दाराने चालकाच्या जागेवर जाऊन बसले आणि चाकावर हात ठेवून समोरच्या रस्त्याकडे बघत राहिले. त्यांचा जीव तिच्यात गुंतला तो तेव्हाच. बाई बाहेर यायला नेहमीपेक्षा वेळ लागला. त्या आल्या, त्यांच्याकडे न बघता म्हणाल्या, "ओलीचा वास येतोय." लिफ्टवाल्यांनी विचारलं, "नक्की?" हा प्रश्न त्यांनी आयुष्यात पहिल्यांदा विचारला होता आणि विचारल्याबरोबर त्यांना त्याची लाज वाटली. बाई म्हणाल्या, "नक्की." ते उतरले. बसमध्ये ते खिडकीकडे तोंड करून बसले आणि घर येईपर्यंत 'वाचलो' म्हणाले नाहीत.

पुढे महिन्याभरात ती गाडी जोडीदाराने घेतली. लिफ्टवाल्यांना आधी धक्का बसला, मग कीव आली. त्यांनी जोडीदाराला बाजूला घेऊन सांगितलं, "अरे, फसलास. आतून कुजलीय ती." जोडीदार म्हणाला, "बघू." लिफ्टवाल्यांनी मग कामावरच्या सगळ्यांना सांगितलं की बिचाऱ्याने भंगार गळ्यात घेतलंय, दोन पावसाळेसुद्धा निघणार नाहीत. पण जोडीदार दर मोसमाला बायकोला घेऊन जायचा आणि उन्हाने रापून परत यायचा. "अजून टिकलीय?" लिफ्टवाले विचारायचे. "टिकलीय," जोडीदार म्हणायचा आणि हत्यारांच्या पिशवीत पान्हा शोधायला लागायचा.

लिफ्टवाले निवृत्त झाले. आता गाडी घ्यायची आणि निघायचं, एवढंच उरलं होतं. तेवढ्यात डोळ्यांनी दगा दिला. समोरचं नीट दिसायचं, कडेचं दिसेना. माणूस शेजारी येऊन उभा राहिला तरी कळायचं नाही. डॉक्टर म्हणाले, काचबिंदू आहे, औषधाने थांबेल पण गेलं ते परत येणार नाही. गाडी चालवायच्या परवान्यासाठी या खेपेला सही देतो, पुढच्या खेपेला मागायला येऊ नका. लिफ्टवाले दवाखान्याच्या पायऱ्या उतरून खाली आले, कधी नव्हे ते लिफ्ट न घेता. बाई बाकावर बसल्या होत्या. ते म्हणाले, "या मोसमात घेतली तर घेतली. नाहीतर झालं." बाईंनी त्यांचा हात धरला. त्यांना तेव्हा किती बरं वाटलं होतं, हे नंतर आठवून त्यांच्या तळपायाची आग मस्तकात जायची.

त्या मोसमात एका निवृत्त दंतवैद्यांची गाडी विकायला निघाली. गाडी फार वापरलेली नव्हती, किंमतही उतरवलेली. डॉक्टर अंगणात तोंडाला फडकं बांधून उभे होते. जन्मभराची सवय, असं लिफ्टवाल्यांना वाटलं. डॉक्टर काही बोलायला गेले तर लिफ्टवाल्यांनी हात वर केला. "आता नाही, डॉक्टर. आधी आमची मंडळी आत जाऊन येतील. तोवर काही सांगू नका, नाक बिघडतं." डॉक्टरांनी विचित्र नजरेने बघितलं आणि गप्प झाले. बाईंनी दार उघडलं, आत गेल्या आणि दार लावून घेतलं. लिफ्टवाले इंजिनात डोकं घालून तेलाची पातळी बघत होते.

बाई बाहेर आल्या. पदर सारखा केला. शांतपणे म्हणाल्या, "ओलीचा वास येतोय जरा. मागच्या कोपऱ्यात."

डॉक्टरांनी फडकं खाली ओढलं. "ओलीचा? अहो बाई, आत उंदीर मेलाय! परवापासून शोधतोय, सापडत नाही. माझी सून काल दारातच ओकली. तेच सांगत होतो मी तुम्हाला, म्हणून तर किंमत उतरवलीय!"

लिफ्टवाल्यांनी बाईंकडे बघितलं. मग ते गाडीत चढले. दारातच त्यांच्या डोळ्यांत पाणी आलं, ते शर्टाची बाही नाकावर दाबून तसेच मागे आले आणि गुलाबाच्या कुंडीजवळ वाकून उभे राहिले. असा वास की गल्लीतल्या मांजरानेही तोंड फिरवावं. आणि बाई त्यात दार लावून उभ्या होत्या, पुरत्या निवांत. डॉक्टर एकदा यांच्याकडे, एकदा त्यांच्याकडे बघत होते. बाईंचा चेहरा पांढराफटक पडला होता.

परतीच्या बसमध्ये लिफ्टवाल्यांनी विचारलं, "कधीपासून?"

"त्या तापापासून."

"काहीच येत नाही?"

"काही नाही. दूध उतू गेलेलंसुद्धा आवाजाने कळतं."

लिफ्टवाल्यांना राग यायला हवा होता, पण आधी मनात आली ती या बाईची काळजी. एवढं मोठं नाक, सगळ्या गावात नाव, आणि ते गेल्यावर कुणाला सांगायची सोय नाही. शेजारणी डबे घेऊन येत राहिल्या आणि ही त्यांचे चेहरे वाचून सांगत राहिली. किती घाबरत असेल. घरी आल्यावर त्यांनी स्वतः चहा केला, तिच्या हातात कप दिला आणि म्हणाले, "मला सांगायचंस की वेडे. मी काय परका आहे? आणि तू ओल ओल म्हणालीस ते बरोबरच केलंस. कळत नसताना 'मोकळा' म्हणण्यापेक्षा 'थांब' म्हणणं केव्हाही चांगलं. हो की नाही?"

बाईंनी कपात बघत मान हलवली.

हे कारण त्यांनी स्वतः शोधून, चांगलं घडी घालून बायकोच्या हातात दिलं होतं. माणूस भोळा असावा, पण इतका?

दुसऱ्या दिवशी त्यांना जोडीदाराची आठवण झाली. वास न कळणाऱ्या नाकाच्या भरवशावर आपण त्याच्या गाडीला चारचौघांत नावं ठेवली, याचं त्यांना वाईट वाटलं. माफी मागावी म्हणून ते त्याच्याकडे गेले. जोडीदार दारात पाइप लावून निळ्या पट्ट्याची गाडी धूत होता. लिफ्टवाल्यांनी एका दमात सगळं सांगितलं. ताप, नाक, उंदीर. "तुझी गाडी चांगलीच होती रे. मीच उगाच बोंब मारत फिरलो. तिला बिचारीला कळतच नव्हतं."

जोडीदाराने पाइप खाली टाकला. पाणी त्याच्या पायांवरून वाहत होतं. तो म्हणाला, "म्हणजे वहिनींनी सांगितलं तुला अखेर. बरं झालं. माझ्या डोक्यावरचं ओझं उतरलं."

"काय सांगितलं?"

जोडीदाराने त्यांच्याकडे बघितलं आणि त्याच्या लक्षात आलं. पण शब्द तोंडातून निघून गेला होता.

"काय सांगितलं? बोल."

"अरे, त्यांचाच फोन आला होता मला. ही गाडी तुम्ही बघून आलात ना, त्याच संध्याकाळी. म्हणाल्या, भाऊजी, गाडी उत्तम आहे. मी सगळे कोपरे अंगठ्याने दाबून बघितलेत, सगळे टणक आहेत. आमच्याकडे घेणार नाहीत, तर तुम्ही घेऊन टाका. आणि लवकर घ्या, म्हणाल्या."

"लवकर कशाला?"

"तुझा जीव अडकलाय तिच्यात. तू पुन्हा जाऊन बघशील, अशी भीती वाटत होती त्यांना."

लिफ्टवाल्यांना कोपरा दाबायला बाईंना कुणी शिकवलं ते आठवलं. पहिल्या गाडीच्या वेळी त्यांनीच तिचा अंगठा धरून दाखवलं होतं, इथे दाब, असं.

"आणि तू मला सांगितलं नाहीस," ते म्हणाले.

"त्या म्हणाल्या, सांगू नका. मला वाटलं, नवराबायकोचं काहीतरी असेल. मी कशाला मध्ये पडू?"

"मी तुला सांगत होतो, फसलास म्हणून. सगळ्यांना सांगत होतो. आणि तू पान्हा शोधत होतास."

जोडीदाराने वाकून पाइप उचलला.

"तू खाली खड्ड्यात आणि मी वर. तू मोकळा म्हणालास की मी डोळे मिटून चालू करायचो. एवढी वर्षं. कधी विचारलं का तुला, खरंच मोकळा ना?"

"अरे, ते कामाचं होतं."

"हो," लिफ्टवाले म्हणाले. "ते कामाचं होतं."

घरी बाई दिवाणखान्यात केर काढत होत्या. खडूच्या रेघांना धक्का लागू नये म्हणून झाडू त्यांच्या कडेकडेने जात होता. ते बघून लिफ्टवाल्यांच्या डोक्यात तिडीक गेली. ते रेघांवर पाय देऊन मध्यभागी जाऊन उभे राहिले.

"जोडीदाराला फोन तू केलास?"

बाईंनी झाडू भिंतीला टेकवला. खोटं बोलायची त्यांनी तयारीही दाखवली नाही. "केला."

"केसाने गळा कापलास माझा. दुसऱ्या कुणी कापला असता तर मी म्हटलं असतं, जाऊ दे, लोक असेच. तू? नाक गेलं म्हणून काल मला तुझी दया आली. आणि तू मान हलवलीस! मी तुला खोटं बोलायला शब्दसुद्धा पुरवले आणि तू ते घेतलेस!"

"घेतले," बाई म्हणाल्या.

"का?"

"मला जायचं नव्हतं."

लिफ्टवाल्यांना वाटलं आपल्याला नीट ऐकू आलं नाही. बाई रेघेच्या बाहेर उभ्या राहून बोलत होत्या. "माझ्या वडिलांची बदलीची नोकरी. दर दोन वर्षांनी ट्रकवर सामान. शाळा नवी, शेजार नवा, मैत्रीण झाली की निघायचं. एकदा माझी भावली ट्रकवरून कुठे पडली ते कळलंच नाही. तुम्हाला हे सगळं ठाऊक आहे. तुम्ही काय म्हणालात? तुला काय, फिरायची सवयच आहे. या घरात आले तेव्हा मी ठरवलं होतं की आता इथून मला उचलूनच न्यावं लागेल."

"मग नाही म्हणायला तोंड नव्हतं?"

"तुम्ही विचारलंत कुठे? 'घ्यायची' म्हणालात. 'येशील का' असं एकदाही विचारलं नाहीत." त्या थांबल्या. "आणि खरं सांगू? नाही म्हटलं असतं तर रविवार गेले असते. तुम्ही रुसला असता, गप्प झाला असता, आणि मग पेपर वाचत बसला असता. मला ते तुमचं बोलणं हवं होतं. गाडी बघायला जाणं हवं होतं. ही खडूची गाडी मला फार आवडायची हो. ती कुठे जात नव्हती ना."

लिफ्टवाल्यांना जे सगळ्यात लागलं ते हेच होतं. ज्या रविवारी ते जगातल्या सगळ्या रस्त्यांवर होते, त्या रविवारी ती घरीच बसली होती. हसत होती ती घरी बसून हसत होती. एवढी वर्षं ते एकटेच प्रवासाला जाऊन आले होते आणि कुणी त्यांना तसं सांगितलं नव्हतं.

त्यांनी चपलेने पलंगाची रेघ पुसली. मग शेगडीची. मग त्यांनाच ते पोरकट वाटलं आणि ते आतल्या खोलीत निघून गेले.

पुढचे काही दिवस घरात भांड्यांचा आवाज तेवढा होता. बाई ताट वाढायच्या, लिफ्टवाले जेवायचे. मुलीचा फोन आला, "काय, आज कुठे मुक्काम?" लिफ्टवाल्यांनी फोन बाईंच्या हातात दिला.

मग एका सकाळी दंतवैद्यांचा फोन आला. उंदीर पाण्याच्या टाकीमागे सापडला होता. गाडी आतून धुऊन, ऊन दाखवून, दारं उघडी टाकून ठेवली होती. "आता येऊन बघा. दुसरंही एक गिऱ्हाईक आहे, पण तुम्ही आधी आलात म्हणून विचारतो." लिफ्टवाल्यांनी शर्ट बदलला. बाई स्वयंपाकघराच्या दारात आल्या. "कुठे?" "गाडी घ्यायला," ते म्हणाले. "बघायला नाही. घ्यायला." आणि चप्पल घालून निघाले.

गाडी अंगणात चकचकीत उभी होती. डॉक्टरांनी आज फडकं बांधलं नव्हतं. लिफ्टवाल्यांनी इंजिन चालू करून ऐकलं, खाली वाकून बघितलं. कडेचं दिसत नव्हतं म्हणून डोकं फिरवून फिरवून बघितलं. सगळं ठीक होतं. आता आत जायचं राहिलं. आत ते कधीच पहिल्यांदा गेले नव्हते.

ते चढले आणि त्यांनी दार लावून घेतलं. दोन खुर्च्या, मध्ये घडीचं टेबल, मागे पलंग. खडूने आखली होती जवळजवळ तशीच. त्यांनी डोळे मिटले आणि एक दीर्घ श्वास घेतला. साबणाचा वास आला. उन्हात तापलेल्या कापडाचा आला. आणि मग, त्याच्या खालून कुठूनतरी, ओलीचा.

त्यांनी पुन्हा हुंगलं. होता. ते खुर्चीपाशी गेले, तिथेही होता. पलंगापाशी गेले, तिथेही होता. गाडीत ओल होती, की एवढी वर्षं ऐकलेलं वाक्य त्यांच्या नाकात जाऊन बसलं होतं, हे त्यांना कळेना. शोधून काढायला काही फार करायचं नव्हतं. मागच्या कोपऱ्यात जाऊन अंगठा दाबायचा. त्यांनी अंगठा पुढे केलाही. फळीपासून बोटभर अंतरावर तो थांबला. फळी मऊ निघाली असती तर प्रश्न मिटला असता. टणक निघाली असती तर गाडी घ्यावी लागली असती आणि मग त्या दोन खुर्च्यांपैकी एकीवर बसून एकट्याने निघावं लागलं असतं. लिफ्टवाल्यांनी एवढ्या वर्षांत हजार गोष्टी ठरवल्या होत्या, पण एकट्याने जायची गाडी त्यांनी कधी शोधलीच नव्हती.

त्यांनी हात खिशात घातला.

डॉक्टर खाली वाट बघत होते. "काय मग? घेताय ना?"

"ओलीचा वास येतोय," लिफ्टवाले म्हणाले.

"अहो, कुठे ओल? धुतलीय म्हणून येत असेल. नीट बघा तरी."

"नक्की येतोय," ते म्हणाले आणि फाटकाकडे चालू लागले. मागून डॉक्टर काहीतरी पुटपुटले. बहुधा दोघेही वेडे आहेत असंच म्हणाले असतील.

घराचं दार उघडंच होतं. बाई दारातल्या खुर्चीवर चांगली साडी नेसून बसल्या होत्या आणि त्यांच्या पायाशी सुटकेस होती. माहेरून आणलेली, वडिलांच्या बदल्यांच्या काळातली, पत्र्याच्या कोपऱ्यांची. लग्नानंतर ती माळ्यावरून कधी खाली आली नव्हती. बाई उठून उभ्या राहिल्या. त्यांनी रस्त्यावर गाडी दिसते का म्हणून लिफ्टवाल्यांच्या खांद्यावरून बघितलं.

"मी येते," त्या म्हणाल्या. "तुमचे डोळे आहेत तोवर तरी येते. मी मनापासून म्हणतेय. कुठे लावलीत गाडी?"

लिफ्टवाले सुटकेसकडे बघत राहिले. दोन तास आधी हे वाक्य त्यांना मिळालं असतं तर अंगठा थांबला नसता. आता दुसरं गिऱ्हाईक डॉक्टरांच्या अंगणात पोचलंही असेल.

"नाही घेतली," ते म्हणाले. "ओलीचा वास येत होता."

बाईंनी त्यांच्या तोंडाकडे बघितलं. शेजारणींचे चेहरे वाचून डब्यातलं सांगणाऱ्या त्या बाई नवऱ्याचा चेहरा किती वेळ वाचत राहिल्या.

"खरंच येत होता?" त्यांनी विचारलं.

लिफ्टवाल्यांनी चपला काढल्या आणि त्यांच्या बाजूने ते आत गेले.